पहिला कॅमेरा: पाणथळीतले पक्षी आणि घरातलं बाळ, बजेट पन्नास हजार

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मला कॅमेरा घ्यायचाय. फोनमधला सोडला तर आयुष्यातला पहिलाच. कारणं दोन. आम्ही नाशिकला असतो, इथून तासा-दीड तासावर नांदूर मध्यमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला बंधारा. २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेला, महाराष्ट्रातली पहिलीच जागा. थंडीत तिथे जायचं वेड लागलंय आणि फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोत पाणी, आकाश आणि मधे एक काळा ठिपका एवढंच येतं. दुसरं कारण घरात आहे, वय आठ महिने, नुकतं रांगायला लागलंय, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात ते जे काही करतं ते सगळं हललेलं येतं.

बजेट पन्नास हजार, फार तर पंचावन्न, बॅग-कार्ड धरून. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) घेऊ, मिररलेस (तसाच, पण बिनआरशाचा) घेऊ, की तो मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा असतो तो? दुकानात गेले तर दुकानदार नुसतं मेगापिक्सेल मेगापिक्सेल करत होता. नवरा म्हणतो फोन आहे की. त्याचा मुद्दा खोडायला मदत केलीत तरी चालेल.

निवांत
नवऱ्याचा मुद्दा खोडायचा असेल तर धागा चुकीच्या विभागात काढलाय.

अण्णा_तासगावकर
स्वागत आहे. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, मेगापिक्सेल. हल्ली सोळाच्या खाली सहसा काही मिळत नाही आणि तुम्ही फोटो बघणार फोनवर, फार तर आठ बाय बाराची प्रिंट काढणार. चोवीस असले काय नि वीस असले काय.

माझं मत सरळ आहे. सेकंडहँड डीएसएलआर घ्या. निकॉन डी५६०० किंवा कॅनन २००डी, चांगल्या हातातला. सगळी हौशी मंडळी मिररलेसकडे पळतायत त्यामुळे डीएसएलआर मातीमोल भावात निघतायत, आणि त्याच्या लेन्सा तर अजून स्वस्त. पन्नासमध्ये बॉडी, तिच्याबरोबर येणारी छोटी किट लेन्स, एक लांब पल्ल्याची लेन्स, सगळं बसेल आणि हॉटेलात जेवायला पैसे उरतील.

प्राजक्ता७
अण्णा, २०२० नंतर निकॉन आणि कॅनन दोघांनीही एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. बंद पडत चाललेल्या गाडीत नव्या माणसाला कशाला बसवताय? ताई, थोडं बजेट ताणा आणि कॅनन आर५० बघा. त्यात पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधून धरून ठेवतो. नवशिक्याला याच्याएवढी मदत दुसरी कुठली नाही.

पेंटॅक्सप्रेमी
पेंटॅक्सने २०२१ मध्ये काढला की डीएसएलआर. आम्हाला कोणी विचारतच नाही.

निवांत
दोघंही पेंटॅक्सवाले धाग्यावर आलेले बघून बरं वाटलं.

पेंटॅक्सप्रेमी
दुसरे कोण?

अण्णा_तासगावकर
प्राजक्ता, कंपनीने नवीन काढला नाही म्हणून जुना फोटो काढायचा थांबत नाही. आणि तुझा हिशोब अर्धाच आहे. आर५० छोट्या लेन्सबरोबरच साठच्या आसपास जातो, त्या छोट्या लेन्सने नांदूरचा ठिपका ठिपकाच राहणार. पक्ष्याचा डोळा शोधायला आधी पक्षी चौकटीत मोठा दिसायला तर हवा! लांबची लेन्स घ्यायला अजून पैसे. बॅटरीचं पण सांग, डी५६०० एका चार्जमध्ये साडेनऊशे फोटो देतो, मिररलेस तीन-चारशेत मान टाकतो.

प्राजक्ता७
दुसरी बॅटरी खिशात ठेवता येते अण्णा, दुसरा ऑटोफोकस नाही ठेवता येत :)

टेलीफोटो_तात्या
तुम्ही दोघं भांडा, मी ताईंना उत्तर देतो. पक्षी काढायचेत ना? निकॉन पी९०० नाहीतर पी९५०. २४ ते २००० मिलीमीटर. दोन हजार! डीएसएलआरवर एवढा पल्ला पाहिजे तर लेन्सच्या पैशात दुचाकी येते आणि लेन्स उचलायला माणूस ठेवावा लागतो. मी भिगवणला होडीत बसून रोहित पक्ष्यांचे क्लोजअप काढलेत, शेजारी लाखभराची लेन्स घेतलेले गृहस्थ माझ्या स्क्रीनकडे बघत होते. लेन्स बदलायची भानगड नाही, धूळ नाही. चंद्रावरचे खड्डे दिसतात.

पी९०० ला रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची, नंतर सुधारता येणारी) मिळत नाही एवढं खरं, पी९५० ला मिळते. नवशिक्याला रॉ कशाला हवीय तसंही.

सोमवती
मी लग्नाची कामं करते, पोटापाण्याचाच धंदा आहे. तात्या, त्या ब्रिज कॅमेऱ्याचा, म्हणजे तुमच्या मोठ्या झूमच्या एकसंध डब्याचा, सेन्सर (उजेड टिपणारी चकती) नखाएवढा असतो. साधारण ६ बाय ४.५ मिलीमीटर. डीएसएलआरचा (महागातला मोठा फुल फ्रेम नाही, साधा) २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात तेरापट फरक आहे. ऊन गेलं की तुमच्या रोहितच्या पिसांचं मेण होतं. आणि उडणारा पक्षी धरून दाखवा त्याने.

टेलीफोटो_तात्या
उडणारा पक्षी धरायला मी काय शिकारी आहे का? बसलेला काढतो.

गणिती
सेन्सर लहान म्हणून वाईट, एवढ्यावर हा वाद संपत नाही. थोडं आकडेमोडीत शिरतो, कंटाळा आला तर खालच्या प्रतिसादावर जा.

लांबच्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा होणार हे लेन्सच्या भोकावर ठरतं. भोकाचा व्यास म्हणजे लेन्सची खरी फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. तात्यांच्या पी९०० ची ती २००० ही सगळी फुल फ्रेमशी तुलनेची भाषा आहे, खरी लांबी ३५७ मिलीमीटर, तिथे एफ ६.५. भागा, ५५ मिलीमीटर आलं. आता डीएसएलआरवरची स्वस्तातली ७०-३००, शेवटच्या टोकाला एफ ६.३, म्हणजे ४८. कॅननची ५५-२५०, एफ ५.६, म्हणजे ४५. म्हणजे लांब बसलेल्या, न हलणाऱ्या पक्ष्यासाठी तात्यांचा डबा या स्वस्त लेन्सांपेक्षा कमी नाही, थोडा सरसच आहे. तात्या खोटं बोलत नाहीयेत.

पण हेच गणित घरात लावा. बाळ समोर चार-पाच फुटांवर आहे, ५० मिलीमीटर दिसतं तेवढी चौकट हवीय. पी९०० ची तिथली खरी लांबी ९ मिलीमीटर, एफ तीनच्या थोडं वर, भोक झालं जेमतेम ३ मिलीमीटर. किट लेन्स ३५ वर ठेवली तर भोक ८ च्या आसपास. आणि निकॉनची ३५ मिलीमीटर एफ १.८ लावली तर १९. उजेड व्यासाच्या वर्गात जातो. ९, ६४, ३६१. ब्रिज आणि ३५ मध्ये चाळीसपट फरक. बाळ हललेलं का येतं याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे, आणि फोनचं भोक त्या ३ मिलीमीटरपेक्षा फार मोठं नसतं.

म्हणजे ताईंच्या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला आहेत. एका डब्यात दोन्ही बसत नाहीत, म्हणून लेन्स बदलता येणाराच कॅमेरा हवा. तो कुठला यावर बाकीचे भांडतीलच.

टेलीफोटो_तात्या
मास्तर, पहिला परिच्छेद फ्रेम करून लावतो. दुसरा वाचला नाही.

गोदाकाठची
बापरे, किती प्रतिसाद! गणिती, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, फोनच्या भोकापाशी तो गप्प झाला. धन्यवाद.

म्हणजे आता मला असं वाटतंय की बॉडीपेक्षा दोन लेन्सा महत्त्वाच्या, एक लांबची आणि एक ती ३५. बरोबर समजतेय का? आणि बरेच जण ५० एफ १.८ घ्या म्हणतात, ती स्वस्तही दिसते, मग ३५ का?

सोमवती
बरोबर समजताय. ३५ यासाठी की तुमचा कॅमेरा फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरचा असणार, त्यावर ५० लावली की ती निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत मग बाळाचं नाक तरी येतं नाहीतर तुम्हाला पाठीमागच्या भिंतीतून बाल्कनीत जावं लागतं. ३५ म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये एवढ्या स्वस्तात तशी ३५ नाही, २४ एफ २.८ आहे, छान आहे पण भोक लहान (गणिती, बरोबर ना?). म्हणून या एका कामासाठी माझं मत निकॉनला. मी स्वतः कॅनन वापरते हे लक्षात घ्या म्हणजे मत किती निःपक्ष आहे ते कळेल.

गणिती
२४ भागिले २.८, साडेआठ. किट लेन्सच्या जवळपासच. बरोबर.

कातळशिल्प
कॅमेरा घ्यायच्या आधी तो ठेवणार कुठे ते ठरवा. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला सुद्धा केस उगवतात. लेन्सच्या आत बुरशी लागली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि ती साफ करायचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीएवढाच येतो म्हणजे लेन्स गेलीच समजा. नाशिकची हवा कोरडी, पण पावसाळा तिथेही आहे.

मोठं कपाट वगैरे काही नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. आकडा ४० ते ५० च्या मधे ठेवायचा, अगदी खाली नेला तर रबर आणि वंगण सुकतं असं म्हणतात. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरायची, फक्त ती निळी-गुलाबी जात असते तिच्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे पोळ्यांच्या तव्यावर टाकू नका, वेगळं जुनं भांडं ठेवा. कॅमेरा त्याच्या बॅगेत ठेवायचा नाही. बॅग ओल धरते. बॅग प्रवासापुरती.

निवांत
तांदळाच्या डब्यात ठेवला तर?

कातळशिल्प
पोरकिड्यांचे मॅक्रो मिळतील.

क्लिकथ्री_आजोबा
तुमची सगळ्यांची चर्चा वाचून मौज वाटली. आमच्या वेळी आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. फोकस नाही, काही नाही. बारा फोटोंत सबंध काश्मीर बसवायचं, त्यात दोन फोटो मेव्हण्याचे जायचे. रोल धुऊन येईपर्यंत ट्रिपमधली भांडणं मिटलेली असायची.

हल्लीच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच एका इंजिनियरने, स्टीव्हन सॅसन त्याचं नाव, १९७५ मध्ये बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायची. १०० बाय १०० ठिपक्यांचा, म्हणजे मेगापिक्सेलच्या भाषेत ०.०१. कंपनीला रोल विकायचे होते, त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. २०१२ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली.

निवांत
तेवीस सेकंद एका फोटोला. आमच्याकडे नातेवाईक गोळा होऊन "चीज" म्हणेपर्यंत तेवढीच लागतात.

परदेशी_पाहुणा
मी न्यू जर्सीत असतो, डिसेंबरात नाशिकला येतोय. इकडे सेलमध्ये स्वस्त मिळतात, सांगा तर घेऊन येतो. कस्टमचं तेवढं बघावं लागेल.

अण्णा_तासगावकर
पाहुणे, मनाचा मोठेपणा आहे पण नको. कॅमेऱ्याची वॉरंटी बऱ्याचदा त्या त्या देशापुरती असते, इथे बिघडला तर सर्व्हिस सेंटर हात वर करतं. हेच इथल्या ग्रे मार्केटचं, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेल्या मालाचं. मुंबईत फोर्टात बोरा बाजारला कॅमेऱ्यांची दुकानंच दुकानं आहेत, तिथे उत्तम माहितगार माणसं पण आहेत, मात्र नवीन घेताना "बिलाशिवाय एवढे कमी" असं कोणी म्हणालं की समजून जायचं. जीएसटीचं बिल, त्यावर सिरियल नंबर, तो नंबर बॉडीच्या तळाशी आहे तोच. भारताचं वॉरंटी कार्ड. हे नसेल तर तो कमी केलेला भाव तुमचाच उद्याचा खर्च आहे.

परदेशी_पाहुणा
बरं मग चॉकलेटंच आणतो.

पाणकावळा
मी निफाडचाच, नांदूरला लहानपणापासून जातोय. ताई, तुम्ही चुकीची वस्तू आधी घेताय. आधी दुर्बीण घ्या. ८ बाय ४२. आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलीमीटरची, पहाटेच्या उजेडातही स्वच्छ. पाच-सात हजारात बरी मिळते. कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघतच नाही, सारखं स्क्रीनमध्ये तोंड.

आणि एक कोणी बोललेलं नाही. नांदूरला दहानंतर पाण्यावरून वाफाळल्यासारखी हवा थरथरते. त्या थरथरीतून दोन हजार मिलीमीटरनेही डोंबल काही दिसत नाही, सगळं उकळल्यासारखं येतं. लोकांना वाटतं लेन्स खराब आहे. चापडगावच्या बाजूला सूर्य उगवायच्या आत पोचा, ऊन पाठीशी घ्या, पहिल्या दोन तासांत काय काढायचं ते काढा. स्वस्त लेन्सनेही बघत राहावेत असे येतात. नऊला उठून आलेल्याला कुठलीच लेन्स पुरत नाही.

टेलीफोटो_तात्या
थरथरीचं खरं आहे. मान्य.

निवांत
तात्यांनी काहीतरी मान्य केलं. धाग्याला कुलूप लावा, यापुढे काय होणार नाही.

प्राजक्ता७
दुर्बिणीला +१. पण आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन सूर्योदयाआधी चापडगाव? पाणकावळा, तुमच्या घरी लहान मूल नाही वाटतं.

पाणकावळा
बाळ नवऱ्याकडे ठेवायचं. त्याच्याकडे फोन आहे ना.

गोदाकाठची
हाहाहा, पाणकावळा यांना माझ्याकडून मिसळ.

फोनवाला
उशिरा आलो. मी नवऱ्याच्या बाजूने. हल्लीचे महागडे फोन रात्री एकामागोमाग अनेक फोटो काढून जोडतात, बघायला मोठ्या कॅमेऱ्याच्या तोंडात मारतील असे. शेवटी सगळं व्हॉट्सअपवरच जाणार, तिथे चुरगळून पाठवतात. पन्नास हजारात फोनच बदला.

सोमवती
जोडतात ते खरं, पण जोडायला समोरचं थोडं स्थिर लागतं. रांगणाऱ्या बाळाचे हात त्या जोडणीत धूर होतात, ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलंय. उभ्या इमारतीला, जेवणाच्या ताटाला फोन छानच. आणि व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, चुरगळत नाही.

ताडोबाकर
शिवाय ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. तिथे फोनवाले हात चोळत बसतात आणि कॅमेरावाले वाघ काढतात. पुढेमागे जाणार असाल तर धरून चाला.

फोनवाला
वाघ दिसला तर.

ताडोबाकर
हं. दिसला तर.

गोदाकाठची
बरं, थोडी प्रगती. इथल्याच एका हौशी गृहस्थांकडे निकॉन डी५६०० आहे, १८-५५ आणि ७०-३०० दोन्ही लेन्सांसकट, बिल आहे, तेहेतीस हजार म्हणतायत. ते मिररलेसकडे चाललेत (प्राजक्ता, तुमचेच बंधू). रविवारी बघायला जायचंय. सेकंडहँड बघायचा कसा? मला तर तो हातात कसा धरायचा तेही नीट माहीत नाही. आणि ३५ सुद्धा वेगळी शोधतेय, आठ-नऊ हजारात जुनी दिसतेय.

अण्णा_तासगावकर
शाब्बास! आता नीट ऐका.

जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि छोटी विजेरी न्या. एक फोटो काढा आणि मूळ जेपेग तसाच घरी आणा, किंवा तिथेच फोनवर उघडा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचून दाखवणारी फुकट साधनं आहेत. या वर्गातल्या बॉडीचं शटर लाखभर वेळा चालेल अशा हिशोबाने बनवलेलं असतं, वीस-तीस हजार असेल तर काही काळजी नाही, ऐंशीच्या पुढे असेल तर भाव पाडा.

मग लेन्स काढायला सांगा. मागून विजेरी मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे एक-दोन कण चालतात, त्याने फोटोला काही होत नाही. जाळं, ढगाळपणा, कोपऱ्यात फुलासारखी नक्षी दिसली की ती कातळशिल्पवाली बुरशी, लेन्स परत ठेवा आणि चहा पिऊन निघा. झूमची रिंग खरखरते का, फोकस दोन्ही टोकांना पटकन लागतो का ते बघा.

सेन्सरसाठी एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, एकाच जागी परत परत डाग येत असतील तर धूळ. ती साफ होते, फार घाबरू नका, भावात धरा. फ्लॅश उघडतो का, बॅटरीचं दार बसतं का, वळणारी स्क्रीन सगळीकडे वळवून बघा. बिलावरचा नंबर बॉडीच्या तळाशी जुळवा.

त्यांना एक प्रश्न विचाराच, लेन्स एएफ-पी आहे का जुनी. डी५६०० ला एएफ-पी उत्तम चालते, आवाज नाही, पटकन फोकस. (इतर कोणी वाचत असाल तर, डी३२०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर तीच लेन्स फोकसच करत नाही, उगाच घेऊन बसाल.) आणि ३५ घेताना तिच्यावर एएफ-एस लिहिलेलं पाहिजे. या बॉडीत फोकसची मोटर नाही, जुन्या एएफ-डी लेन्सा लावल्या तर हातानेच फोकस करावा लागेल, बाळ तेवढ्यात शेजाऱ्यांकडे पोचेल.

सोमवती
अण्णांनी सगळं सांगितलं. एकच जोड, भंडारा आणि गुलाल. गणपतीची मिरवणूक असो की जेजुरीची सोमवती, उघड्यावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. ती पूड सेन्सरवर बसली की पुसताना चोळली जाते. मी दोन बॉड्या घेऊन जाते ते श्रीमंतीमुळे नाही.

रिंगण
वारीत पण. धुळीत नाही तर पावसात. आणि रिंगणात घोडा धावताना शटर हजाराच्या खाली नेऊ नका.

निवांत
धागा नांदूरहून निघाला, भिगवण, ताडोबा, जेजुरी करत पंढरपूरला पोचला. माउली.

गोदाकाठची
घेतला!!! एकतीसला तोडला. शटर चौदा हजार, लेन्स एएफ-पी, विजेरी मारून बघितली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले "ताई, तुम्ही तर डॉक्टरीण वाटता". ३५ पण मिळाली. दुर्बिणीचे पैसे उरलेत, पाणकावळा. डबा आणि सिलिका आली, नवऱ्याने काटा लावला आणि आता रोज सकाळी तोच आर्द्रता वाचून दाखवतो.

एक विचारायचंय. ऑटोवर बाळाचे फोटो अजूनही थोडे हलतात, ३५ लावली तरी. काय करू?

सोमवती
ऑटो सोडा. गोल चाकी एस वर न्या (शटरचा वेग आपण ठरवायचा), शटर १/२५० ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ३२००, पटत असेल तर ६४००. कॅमेरा उजेड कमी पडला की आपोआप भोक पूर्ण उघडेल. थोडे दाणे दिसतील, दिसू दे, दाणेदार बाळ चालतं, पुसट बाळ चालत नाही. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा जवळचं म्हणून खुळखुळ्यावर फोकस करतो. पिवळा दिवा आणि ट्यूब दोन्ही एकदम लावू नका, रंग विचित्र येतात. जमलं तर सकाळी खिडकीपाशी चटई टाका, आयएसओ लागणारच नाही.

नांदूरला गेलात की तीच चाकी, फक्त शटर उडत्या पक्ष्याला १/१६०० आणि बसलेल्याला १/५०० च्या वर. ७०-३०० तुमच्या कॅमेऱ्यावर ४५० सारखी वागते, हात कापतो तो मोठा होऊन दिसतो.

गोदाकाठची
काल गेले होते, सूर्य उगवायच्या आधी, बाळ नवऱ्याकडे! शेकाट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी मिळाले. सगळ्यात आवडलेला फोटो डकवतेय, हळदी-कुंकू बदक. जवळच होतं, तरी थोडा क्रॉप आहे. कसा आहे सांगा, मोकळेपणाने.

प्राजक्ता७
मस्तच! पाण्यातलं प्रतिबिंब काय सुंदर आलंय. पहिल्याच थंडीत एवढं?

अण्णा_तासगावकर
डोळा फोकसमध्ये आहे. पास. क्षितिज जरा डावीकडे झुकलंय, तेवढं सरळ करा.

पाणकावळा
फोटो छान पण हळदी-कुंकू नाही हो ते. चोच बघा, टोकाला फावड्यासारखी पसरलीय. थापट्याची मादी आहे. हळदी-कुंकूच्या चोचीचं टोक पिवळं असतं आणि मुळाशी लाल ठिपका.

ताडोबाकर
मला पिवळं टोक दिसतंय असं वाटतं.

पाणकावळा
ते ऊन आहे.

टेलीफोटो_तात्या
पी९०० ने काढला असता तर चोचीवरून वाद झाला नसता.

गणिती
तात्या, ती वेळ सकाळी साडेसहाची आहे. त्या उजेडात तुमचा आयएसओ

निवांत
गणिती अर्ध्यात थांबले म्हणजे कॅल्क्युलेटर काढायला गेलेत. पळा.